आठ शेंड्यांचा राऊटर

उपेंद्रराव गायधनींनी नवा राऊटर आणला तो नेट जोरात चालावं म्हणून, असं त्यांनी बायकोला सांगितलं, बिल्डिंगमध्ये सांगितलं आणि एम.जी. रोडवरच्या दुकानदाराने काही विचारलं नसताना त्यालाही सांगितलं. माणूस एकच कारण इतक्या ठिकाणी सांगत सुटला की समजावं, खरं कारण वेगळंच आहे. खरं कारण असं होतं की त्यांचं वायफाय अख्खी 'शरयू' बिल्डिंग वापरत होती, आणि 'वापरू नका' एवढे दोन शब्द उपेंद्ररावांच्या तोंडून निघत नव्हते.

याची सुरुवात विरजणापासून झाली. वरच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाताई एका संध्याकाळी वाटी घेऊन विरजण मागायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "श्यामलाताई, आमचं नेट मेलं बंद पडलंय. आजचा दिवस तुमचा पासवर्ड द्या ना." श्यामलाताईंनी वाटीत विरजण घातलं आणि पासवर्डही सांगितला. विरजणाचं कसं असतं, ते ह्या घरातून त्या घरात जातं, तिथून पुढच्या घरात, आणि मूळ दही कोणाचं हे कोणी विचारत नाही. पासवर्ड तसाच फिरला. फरक एवढाच, की दुसऱ्याने विरजण नेलं म्हणून आपलं दही पातळ होत नाही. उपेंद्ररावांचं वायफाय मात्र पार ताक झालं.

समोरच्या दारातली तेजस्विनी घरून नोकरी करायची. कंपनी बंगळुरूची, साहेब हैदराबादचा, पगार तिचा आणि वायफाय गायधनींचं. ज्योत्स्नाताईंच्या दारावरचा कॅमेरा बिल्डिंगमध्ये कोण कोणाकडे किती वेळ बसलं यावर लक्ष ठेवून असायचा, तोही याच वायफायवर. आणि सोसायटीचे सेक्रेटरी गोरक्षभाऊ कातकाडे, ज्यांचा धंदा प्लॉटचा, ते गिऱ्हाइकांना प्लॉटचे व्हिडिओ पाठवायला खालच्या मजल्यावरून वर येऊन थेट गायधनींच्या दाराशी जिन्यात बसायचे, कारण तिथे सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसत. उपेंद्रराव भाजीला निघाले की त्यांना ओलांडून जात आणि वर स्वतःच म्हणत, "बसा, बसा, उठू नका."

उपेंद्रराव काही लेचेपेचे नव्हते. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात उभी हयात गेलेली. फाइलीतली त्रुटी शोधून ती परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्र्यंबक नाक्यापर्यंत सापडला नसता. पण तो नकार कागदावरचा. समोर जिता माणूस उभा राहिला, त्यातून तो शेजारी निघाला, आणि त्याने "काय काका, बरंय ना?" म्हटलं, की उपेंद्ररावांचा नकार घशापर्यंत येऊन परत फिरायचा.

हे असंच चालत राहिलं असतं. पण यशश्रीचं डोहाळजेवण एका रविवारचं ठरलं.

यशश्री ही गायधनींची एकुलती एक लेक. नवऱ्याबरोबर, म्हणजे आल्हादबरोबर, ती डब्लिनला असते. श्यामलाताई बाळंतपणाला जाणार होत्याच, पण डोहाळजेवणाला व्हिडिओवरून हजेरी लावण्यावाचून इलाज नव्हता. पुण्याचे व्याही आणि विहीणबाई मात्र तिथे आधीच जाऊन पोचले होते. 'आधीच' हा शब्द श्यामलाताई ज्या सुरात उच्चारत, त्या सुराला लिपीत जागा नाही.

गेल्या वर्षी डब्लिनच्या घराची वास्तुशांत अशीच व्हिडिओवरून पाहायची होती. उपेंद्रराव जाकीट घालून बसले. होम पेटला, आणि चित्र थिजलं. विहीणबाईंचा हात हवेत, व्याह्यांचं तोंड उघडं, आणि धूर जागच्या जागी. ते चित्र परत हललं तेव्हा तिथे हात धुऊन लोक जेवायला बसले होते. आणि व्याही, ज्यांच्यापुढे मुलीचा बाप म्हणून उपेंद्ररावांनी लग्नापासून मान तुकवलेली, ते सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "उपेंद्रराव, नाशिकची द्राक्षं इथे डब्लिनपर्यंत पोचतात हो, पण नाशिकला नेट अजून पोचायचंय वाटतं!"

उपेंद्ररावही हसले होते. मुलीच्या बापाला हसावं लागतं. पण ते वाक्य वर्षभर आत काट्यासारखं रुतून होतं.

"यंदा चित्र अडकलं ना," श्यामलाताईंनी भाजी निवडता निवडता जाहीर केलं, "तर आत्ताच सांगून ठेवते, मी निफाडला शेखरभावजींकडे जाऊन बसणार. त्यांच्याकडे बागेत बसूनसुद्धा लख्ख दिसतं."

शेखरभावजी म्हणजे श्यामलाताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, निफाडचे द्राक्षबागायतदार, अर्थात उपेंद्ररावांचे साडू. आता साडू हे नातं कोणत्या पूर्वजाने शोधून काढलं कोण जाणे, पण त्यात प्रेम असलं तरी मोजमाप चालूच असतं. भावाचा बंगला मोठा झाला तर माणूस पेढे वाटतो. साडूच्या बंगल्याला गच्ची निघाली की त्याला रात्री ॲसिडिटी होते. स्वतःच्या लेकीचं डोहाळजेवण साडूच्या ओसरीत बसून, साडूच्या नेटवर, साडू "चहा घ्या ना भाऊसाहेब" म्हणत असताना बघायचं, यापेक्षा उपेंद्ररावांनी डब्लिनपर्यंत चालत जाणं पत्करलं असतं.

तेव्हाच आल्हाद फोनवर म्हणाला, "बाबा, कंपनीचा राऊटर साधाच असतो. बाहेरचा चांगला घ्या." जावयाचा सल्ला म्हणजे हुकूमच. शिवाय या सल्ल्यात उपेंद्ररावांना आपली सुटका दिसली. नवा राऊटर, नवं नाव, नवा पासवर्ड! कोणी विचारलं तर सांगायचं, "कंपनीनेच बदललं हो, आमच्या हातात काय आहे?" कोणाला दुखवायला नको, कोणाला नाही म्हणायला नको. नकार कंपनीचा, सुख आपलं.

राऊटर आला. काळाभोर, चपटा, आणि त्याला सगळीकडून आठ अँटेना उभ्या.

"अगंबाई, हे आठ शेंड्यांचं काय आणलंत?" श्यामलाताई म्हणाल्या.

"जितक्या शेंड्या जास्त, तितकं नेट दूर जातं," उपेंद्ररावांनी दुकानदाराचं वाक्य ऐकवलं. दूर जाऊ नये म्हणूनच आपण तो घेतोय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

काम सोपं दिसत होतं. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्रिवेग फायबर कंपनीची पांढरी डबी होती, तिच्यात बाहेरून काचेची बारीक वायर यायची, आणि त्या डबीतून दुसरी वायर कंपनीच्या राऊटरमध्ये जायची. जुना काढायचा, नवा लावायचा. बल्ब बदलतो तसं. उपेंद्ररावांनी जुन्यातली वायर काढून नव्यात खुपसली. नव्या राऊटरचे दिवे एकामागून एक हिरवे लागले आणि शेवटचा लागला तो लाल. तो तसाच लाल राहिला. वायर काढून परत घातली, लाल. फुंकर मारून घातली, लाल. चष्मा पुसून पाहिलं, तरी लालच.

कस्टमर केअरच्या मुलीचा आवाज मधासारखा होता. "सर, आम्ही बाहेरच्या राऊटरला सपोर्ट करत नाही."

"सपोर्ट करू नका, नुसता चालू करा."

"सर, तुमच्या लाइनवर आमच्या राऊटरचा नंबर रजिस्टर आहे. तो रिलीज झाल्याशिवाय दुसरा ॲक्सेप्ट होणार नाही."

हे मात्र उपेंद्ररावांना ताबडतोब समजलं. जुन्या कर्मचाऱ्याने कार्यभार सोडल्याशिवाय नव्याला रुजू होता येत नाही. कंपनीबद्दल त्यांना थोडा आदरही वाटला. "मग सोडवा कार्यभार."

"सर, जुन्या राऊटरच्या खाली स्टिकर असेल. त्यावरचा नंबर वाचून दाखवा."

उपेंद्ररावांनी राऊटर उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, हे काही सांगायला नको. गायधनींकडे स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं, त्यात राऊटरही आला. पण श्यामलाताई टापटिपीच्या. वरून कुंकू लावलं तर डाग दिसतो, पाहुणे काय म्हणतील? म्हणून त्या दर दसऱ्याला राऊटर उलटा करत आणि खालच्या त्या पांढऱ्या, चौकोनी, अगदी हळदकुंकवासाठीच चिकटवल्यासारख्या कागदावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढून वर अक्षता चिकटवत. नेट नवं आलं तेव्हापासूनचे सगळे दसरे त्या स्टिकरवर थरावर थर देऊन बसले होते.

"सर? नंबर?"

"वाचता येत नाहीये."

"का सर?"

"त्यावर कुंकू आहे."

पलीकडचा मध जरा घट्ट झाला. "सर, डिव्हाइसला फिजिकल डॅमेज आहे का?"

"डॅमेज कसलं? पूजा केलीय त्याची! दर दसऱ्याला!"

"ओके सर. मग मी रिमार्क काय टाकू?"

तेवढ्यात श्यामलाताई म्हणाल्या, "त्यात काय मोठं, आणा इकडे." आणि त्यांनी स्टिकरला लिंबू लावून भांड्याच्या घासणीने हलक्या हाताने घासलं. त्यांचा हलका हात सगळ्या खानदानाला ठाऊक होता. त्या हाताखाली पितळी समईची नक्षी सपाट झाली होती. कुंकू जिथल्या तिथे राहिलं आणि नंबर तेवढा स्वच्छ निघून गेला.

एव्हाना जिन्यात बसलेल्या गोरक्षभाऊंच्या फोनवर काड्या दिसेनाशा झाल्या होत्या. ते बेल न वाजवता आत आले.

"काका, काय झालं? लय टेन्शनमधी दिसता."

उपेंद्ररावांनी थोडक्यात सांगितलं, खरं कारण सोडून.

"हे काय अवघड हाय व्हय? जुन्याला मागं बारीक भोक असतं. त्यात टाचणी टोचा अन् जोर लावून धरा. कोणतं बी मशीन येड्यावानी करत असलं की असंच करायचं."

"त्याने काय होतं?"

"ते नाय माहिती. पण करायचं."

गोरक्षभाऊंचा आत्मविश्वास असा, की समोरच्याला आपल्याच बुद्धीची लाज वाटावी. याच आत्मविश्वासावर त्यांनी पाथर्डी फाट्याच्या पुढचे खड्डे 'लेक व्ह्यू' म्हणून विकले होते. श्यामलाताईंनी पदराची टाचणी काढून दिली, उपेंद्ररावांनी ती टोचली, आणि जुना राऊटर आपलं नाव, गाव, कंपनी, पासवर्ड सगळं विसरून नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा लुकलुकू लागला. आता नवा रुजू होत नव्हता आणि जुन्याला कामावर परत घेता येत नव्हतं. गायधनींचं नेट बंद पडलं. आणि गायधनींचं बंद पडलं म्हणजे 'शरयू' बिल्डिंगचं पडलं.

त्यानंतर उपेंद्ररावांवर जो माणुसकीचा वर्षाव झाला, तो त्यांच्या मूळव्याधीच्या ऑपरेशनलाही झाला नव्हता. ज्योत्स्नाताई साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या आणि राऊटरकडे बघून म्हणाल्या, "मी म्हणते, हा आग्नेयेला ठेवा. विजेची वस्तू ना? शिवाय तिथून जिन्याच्या बाजूला, म्हणजे आमच्या कॅमेऱ्याच्या बाजूला… म्हणजे सगळीकडेच नीट जातं." तेजस्विनी दर थोड्या वेळाने दार उघडून "काका, काही प्रोग्रेस?" असं इतक्या आर्जवाने विचारायची की आतमध्ये कोणाला ऑक्सिजन लावलाय असं वाटावं. तिची साहेबाबरोबर मीटिंग होती; ती तिने अखेर गच्चीवर, टाकीला टेकून, मोबाइलवर उरकली आणि खाली येऊन म्हणाली, "काका, माझं अप्रेझल आहे हो या महिन्यात." त्यावर उपेंद्रराव चक्क "सॉरी, बेटा" म्हणून गेले.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'बी विंगचे नेट कधी सुरू होणार? संबंधितांनी खुलासा करावा.' त्यावर अंगठ्यांची रांग लागली. संबंधित म्हणजे आपण, हे उपेंद्ररावांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते भाजीला निघाले होते, आणि खाली फळ्यावर गोरक्षभाऊंच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

'तांत्रिक कारणामुळे इंटरनेट सेवा बंद आहे. सभासदांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. – गायधनी.'

उपेंद्रराव फळ्यासमोर उभे राहिले. खिशातून रुमाल काढून ते सगळं पुसून टाकावं, असं त्यांच्या फार मनात आलं. तेवढ्यात लिफ्टमधून ए विंगचे कोणी गृहस्थ आले आणि म्हणाले, "होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका." उपेंद्रराव म्हणाले, "नाही, नाही. प्रयत्न चालू आहेत."

दुसऱ्या दिवशी ते कॅनडा कॉर्नर चौकातल्या त्रिवेगच्या ऑफिसात गेले. अर्ज त्यांनी घरूनच लिहून नेला होता: 'विषय: सदर जोडणीवरील जुने उपकरण निष्कासित करून नवीन उपकरण प्रस्थापित करणेबाबत.' काउंटरवरच्या पोराने तो दोनदा वाचला, शेजारच्याला दाखवला, आणि मग स्क्रीनकडे बघत एकदम सावध झाला.

"काका, इथे रिमार्क आहे. 'डिव्हाइसवर लाल रंगाचा पदार्थ.' काय झालं होतं? रक्तबिक्त?"

"कुंकू!" उपेंद्रराव इतक्या जोरात म्हणाले की रांगेतल्या एका बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला.

"बरं, बरं. ओटीपी गेलाय बघा. सांगा."

ओटीपी उपेंद्ररावांच्या फोनवर आला नाही. येणार कसा? जोडणी लग्नाआधी यशश्रीने घेतलेली, नंबर तिचा, आणि तो नंबर तिच्याबरोबर डब्लिनला. तिथे पहाट होती. सातव्या महिन्यातल्या लेकीला झोपेतून उठवायचं की नाही, यावर उपेंद्ररावांनी काउंटरला टेकून विचार केला. मग फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळं छान आहे. तू नुसता आलेला नंबर वाच."

तिने डोळे चोळत नंबर शोधला, वाचला, आणि पोरगा म्हणाला, "एक्स्पायर झाला, काका. परत पाठवतो." दुसऱ्या खेपेला नंबर लागू पडला. तेवढ्या वेळात यशश्री पुरती जागी झाली होती आणि तिच्या सगळं ध्यानात आलं होतं.

"बाबा, नसेल जमत तर कशाला एवढी धावपळ? रविवारी निफाडला जा ना. शेखरकाकांकडे मस्त आहे नेट."

पोरीने प्रेमानेच म्हटलं. म्हणूनच ते फार लागलं. "जमतंय, जमतंय," उपेंद्रराव म्हणाले आणि पोराकडे वळले. "आता?"

"आता टेक्निशियन घरी येईल. व्हिजिट पडली ना, की चोवीस ते बहात्तर तासांत."

चोवीस ते बहात्तर म्हणजे रविवार अलीकडेही पडत होता आणि पलीकडेही. उपेंद्ररावांनी नेमकी तारीख मागितली. पोरगा म्हणाला, "तसं सांगता येत नाही, काका. प्रोसेसमध्ये आहे." हे वाक्य उपेंद्ररावांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. ऐकून घेण्याच्या बाजूने ते इतकं वाईट असेल, अशी त्यांना कल्पना नव्हती.

शनिवार कोरडा गेला. श्यामलाताईंनी हिरवी साडी इस्त्रीला दिली आणि बहिणीला फोन लावला. "नाही गं, असंच. गाडी रविवारी रिकामी असेल का भावजींची?" उपेंद्रराव आतल्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते.

रविवारी, इस्त्रीची साडी घरी येऊन पडलेली असताना, बेल वाजली. दारात पाठीला सॅक, कानाला फोन असा एक माणूस उभा होता. भिकन त्याचं नाव, सटाण्याकडचा. तो फोनवरच बोलत आत आला, फोनवरच बोलत बूट काढले आणि फोनवरच्या माणसाला म्हणाला, "थांब, इठे ते कुंकूवालं घर शे." म्हणजे कंपनीत गायधनींची ख्याती पसरली होती.

भिकन कामाला लागला. त्याचं काम म्हणजे ऑफिसातल्या कोणाला तरी फोन करायचा, आणि त्याने सांगितलेलं टाइप करायचं. ऑफिसातला तिसऱ्या कोणाला तरी विचारून सांगत होता. एकूण ज्ञान कुठे तरी होतं, पण ते नाशिकमध्ये नसावं. दोनदा चुकलं, एकदा त्याने ज्योत्स्नाताईंची खिचडी खाल्ली, एकदा "तुमचा राऊटर लयच भारी शे, म्हणून नाही लागत" असं निदान केलं. आणि मग अचानक, कोणालाही कारण न कळता, तो लाल दिवा हिरवा झाला.

उपेंद्ररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भिकनला चिवडा दिला, लाडू दिला, पाठीवरून हात फिरवला. निफाडची गाडी नको म्हणून कळवायला त्यांनी स्वतः फोन लावला. साडूने "अरे वा, लागलं का शेवटी?" म्हटलं, ते 'शेवटी'सुद्धा त्यांनी आनंदाने गिळलं. या सगळ्या गडबडीत, बूट घालता घालता, भिकन श्यामलाताईंना म्हणाला, "मावशी, तुम्हाला विचारलेलं ते जुनंच नाव-पासवर्ड टाकून दिलंय बरं का. टीव्ही, फोन, सगळं आपोआप जुळी जाईन. तुम्हाला कुठे टाइप करायला नको."

"बाई, किती बरं केलंस!" श्यामलाताई म्हणाल्या. हे बोलणं उपेंद्ररावांच्या कानावर पडलं. पण हिरव्या दिव्याकडे बघणाऱ्या माणसाच्या कानावर काय पडतं त्याला काही अर्थ नसतो.

चहाच्या वेळेला दिवाणखाना भरला. डोहाळजेवण म्हटल्यावर गाणी म्हणायला बायका हव्यात, म्हणून श्यामलाताईंनी बिल्डिंगमध्ये बोलावणं केलं होतं. ज्योत्स्नाताई गजरा माळून आल्या, तेजस्विनी आली, गोरक्षभाऊ सपत्नीक आले. टीव्हीला लॅपटॉप जोडला, तापू नये म्हणून तोवर बंद ठेवलेला राऊटर चालू केला, आणि पडद्यावर यशश्री दिसली. हिरवी पैठणी, फुलांचे दागिने, गालांवर आलेला तो जडपणा. इतकी स्वच्छ, की दारामागून आत्ता आत येईल असं वाटावं. श्यामलाताई पदराने डोळे टिपू लागल्या. कोपऱ्यात व्याही दिसले. त्यांनी कॅमेऱ्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वा, उपेंद्रराव! आज काय, साक्षात?"

उपेंद्ररावांनी नुसती मान हलवली. ज्याचं नेट चालतंय त्याला बोलायची गरज नसते.

त्याच क्षणी दिवाणखान्यात टुंग असा आवाज झाला. मग दुसरा. मग एकदम पाच-सहा टुंग. बायकांच्या पर्समधले, गोरक्षभाऊंच्या खिशातले, एकेक फोन जुन्या ओळखीने नव्या राऊटरला येऊन मिळाले. गोरक्षभाऊंचे अडकून पडलेले प्लॉटचे व्हिडिओ सुटले आणि गिऱ्हाइकांकडे धावू लागले. समोरच्या बंद दारामागे तेजस्विनीच्या लॅपटॉपने तुंबलेली कामं उपसायला काढली. वर कॅमेऱ्याने डोळा उघडला. आणि ज्योत्स्नाताईंनी फोन उभा धरून येवल्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला: "अगं, ही पैठणी बघ! काठ बघ काठ! दिसतोय का?"

डब्लिनमध्ये विहीणबाईंनी यशश्रीपुढे झाकलेल्या दोन वाट्या ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असा तो सगळ्यांच्या आवडीचा पोरखेळ. गाणं थांबलं. यशश्रीचा हात पुढे आला. तो डाव्या वाटीवर गेला, उजवीवर गेला, परत डावीवर आला, आणि चित्र थिजलं.

यशश्रीचा हात वाटीवर. विहीणबाईंची मान वाकडी. व्याह्यांच्या ओठांवर हसू, आणि ते हसू कोणत्या वाक्यात संपणार, हे उपेंद्ररावांना तोंडपाठ होतं.

"गेलं वाटतं," श्यामलाताई इतक्या हळू म्हणाल्या की बाकी कोणाला ऐकूही गेलं नसतं.

"हॅलो, दिसतोय का काठ?" ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "आमच्याकडून तर मस्त चाललंय!"

उपेंद्रराव उभे राहिले. आयुष्यभर फायलींवरच चाललेला सगळा नकार, जिन्यात 'बसा, बसा' म्हणताना गिळलेला, फळ्यासमोर गिळलेला, घशाशी येऊन तुंबला होता. तो आता बाहेर पडला.

"बस्स झालं!" ते गरजले. समईची वात हलली. "माझं वायफाय वापरायचं, फुकट वापरायचं, आणि वर माझ्याच मुलीचं तोंड मला बघू द्यायचं नाही? सगळ्यांनी आपापले फोन बंद करून इथे टेबलावर ठेवा! आत्ताच्या आत्ता! एक जण सुटता कामा नये!"

ज्योत्स्नाताईंच्या फोनमधून येवल्याची बहीण म्हणाली, "काय गं, कोण एवढं ओरडतंय?" ज्योत्स्नाताईंनी कॉल तोडला. गोरक्षभाऊ डोळे मोठे करून उपेंद्ररावांकडे बघत राहिले.

"काका," ते म्हणाले, "म्हंजी, हे वायफाय तुमचं सोताचं हाय?"

"मग कोणाचं? नाव दिसत नाही? 'गायधनी'!"

"नाव दिसतं ना. पण आम्हाला वाटलं, देणगीदाराचं असंल. बागेतल्या बाकड्यावर नसतं का, अमुक अमुक यांच्याकडून?" गोरक्षभाऊंचा चेहरा खरोखर पडला होता. "मी तर मागच्या मीटिंगमधी तुमच्या नावाचा आभाराचा ठराव पास केला."

"मागे घ्या तो ठराव! आणि फोन ठेवा!"

गोरक्षभाऊंनी फोन ठेवला. त्यांच्या बायकोने ठेवला. तेजस्विनी "काका, लॅपटॉपपण बंद करून येते" म्हणून चप्पल न घालता समोर पळाली. ज्योत्स्नाताईंनी आधी फोन ठेवला, मग एक सुस्कारा सोडून म्हणाल्या, "कॅमेरा वरून काढून आणू का?"

"आणा!"

आणि चित्र हललं.

श्यामलाताईंच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. यशश्री लख्ख दिसत होती. एक हात पोटावर, दुसरा तोंडावर, आणि हसू दाबून दाबून तिचे फुलांचे दागिने थरथरत होते. चित्र अडकलं होतं, पण आवाज अडकला नव्हता. उपेंद्ररावांचा शब्दन् शब्द डब्लिनच्या दिवाणखान्यात खणखणीत पोचला होता. तो कोणाला उद्देशून होता, ते मात्र तिथे कोणालाच कळलं नव्हतं.

कारण तिथल्या टेबलावर, त्या दोन वाट्यांच्या शेजारी, सगळ्या पाहुण्यांचे फोन ओळीने मांडून ठेवलेले होते. आल्हाद हात मागे बांधून उभा होता. विहीणबाई पर्समधून शोधून शोधून आपला फोन काढत होत्या. आणि व्याही, लग्नात ज्यांच्यासाठी उपेंद्रराव दारात पायघड्या घालत उभे होते ते व्याही, खिशातला दुसरा फोनसुद्धा बाहेर काढून ओळीत नीट लावत होते.

तो लावून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि कॅमेऱ्याकडे बघून, अगदी खालच्या आवाजात विचारलं, "उपेंद्रराव, आता वाटीवरचं झाकण काढायला तुमची काही हरकत नाही ना?"

उपेंद्ररावांनी जाकीट सारखं केलं.

"काढा," ते म्हणाले.